दोघांचा कन्सेप्ट अल्बम कसा करावा: एका शिलाई मशीनकडून शिकलेलं

आमचं पहिलं मोठं भांडण कात्रीवरून झालं. अल्बममधला प्रत्येक आवाज आईच्या शिलाई मशीनचाच असेल असं ठरवून आठवडाही झाला नव्हता, आणि धाकटा भाऊ कात्रीचा एक फार सुरेख आवाज टिपून घेऊन आला. हाय-हॅटच्या (ड्रमसोबतच्या झांजांच्या) जागी तो असा काही बसत होता की बोलायची सोय नाही. मी म्हटलं, कात्री म्हणजे मशीन नव्हे. तो म्हणाला, "ताई, कात्रीशिवाय शिवणार कशी?" मी म्हटलं, कात्री कागदही कापते. दोन रात्री यातच गेल्या.

हे भांडण तुम्हाला खुळचट वाटत असेल तर सरळ साधा अल्बम करा, त्यात कमीपणा काही नाही. पण वाचता वाचता मनातल्या मनात तुम्ही कुणाची तरी बाजू घेतली असेल, तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

मी आवाज टिपते, भाऊ ते कॉम्प्युटरवर मांडतो. आमचा अल्बम एकतीस मिनिटांचा आहे आणि त्याला दीड वर्ष लागलं. आधी कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर सात-आठ महिन्यांत झाला असता. त्या चार गोष्टी, आणि आणखी काही, इथे लिहिते आहे.

विषय नको, नियम हवा

आम्हाला वाट दाखवली ती मॅटमॉस या अमेरिकी जोडीने. ड्रू डॅनियल आणि एम. सी. श्मिट. २०१६ साली त्यांचा 'अल्टिमेट केअर टू' आला. हे नाव त्यांच्या घरातल्या व्हर्लपूलच्या कपडे धुण्याच्या मशीनच्या मॉडेलचं. अख्खा अल्बम म्हणजे ३८ मिनिटांचा एकच सलग तुकडा. सुरुवातीला धुण्याचं माप ठरवायची चकती खरखरत फिरते, शेवटी धुणं झालं की मशीन जो इशारा देतं तो वाजतो, आणि मधलं सगळं त्या एकाच मशीनमधून काढलेलं. पाणी भरणं आहे, घुसळण आहे, पत्र्यावर मारलेल्या थापा आहेत, आणि कॉम्प्युटरमधून पार ओळखू येणार नाहीत असे बदलून घेतलेले आवाजही आहेत. बाहेरचं वाद्य एकही नाही.

त्यांची ही सवय जुनी आहे. २००१ च्या अल्बमात त्यांनी शस्त्रक्रियांचे आवाज वापरले, २०१९ मध्ये फक्त प्लास्टिकच्या वस्तूंचे. आणि त्यांच्याही कितीतरी आधी, १९६३ साली, पिएर आंरी या फ्रेंच संगीतकाराने एक दार आणि एक सुस्कारा एवढ्याच सामग्रीवर मोठी रचना केली होती. दार करकरतं, सुस्कारा सुटतो, संपलं. पण ऐकताना तुम्हाला तिसऱ्या कशाची उणीव भासत नाही.

यातून मी काय घेतलं, तर कन्सेप्ट अल्बमला, म्हणजे एकाच कल्पनेवर बांधलेल्या अल्बमला, विषय पुरत नाही. 'एकटेपणा', 'शहर', 'भविष्य' हे विषय झाले. त्यांत काहीही खपतं. एकटेपणात पियानो खपतो, पाऊस खपतो, रात्री दोन वाजता सापडलेला कुठलाही सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) आवाज खपतो. विषय कधी 'नाही' म्हणत नाही. नियम म्हणतो. म्हणून तुमची कल्पना एका वाक्यात कागदावर लिहा, आणि मग तुमच्या संग्रहातला तुमचा सगळ्यात लाडका आवाज त्या वाक्यासमोर उभा करा. वाक्याने त्याला दारातून परत पाठवलं पाहिजे. पाठवत नसेल तर वाक्य बदला.

दोघांच्या कामात तर हे फारच गरजेचं. एकट्याने अल्बम करताना मतभेद झाला तर तो स्वतःशी होतो, झोपून उठलं की मिटतो. दोघं असले की कुणीतरी हरतं, आणि हरलेला पुढच्या गाण्यात वचपा काढतो. आम्ही आधी दोनदा असेच फसलो होतो. दोन अर्धे अल्बम हार्ड डिस्कवर तसेच पडून आहेत. नियम असला की दोघांपैकी कुणालाच 'नाही' म्हणावं लागत नाही.

गोष्ट सांगणारा कन्सेप्ट अल्बम हा वेगळा प्रकार. त्यात माझे सगळ्यात आवडते डेट्रॉइटचे ड्रेक्सिया, म्हणजे जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकून दिलेल्या गरोदर आफ्रिकी स्त्रियांची मुलं पाण्याखाली श्वास घ्यायला शिकली आणि तिथे एक संस्कृती उभी राहिली, ही त्यांची गोष्ट. ती उलगडून सांगितली गेली १९९७ च्या 'द क्वेस्ट' या संकलनासोबतच्या मजकुरात; एरवी ती ट्रॅकच्या नावांतून आणि पाण्यासारख्या हलणाऱ्या आवाजांतून झिरपत राहते. थोर काम आहे. पण पहिल्या अल्बमला हा रस्ता धरू नका. गोष्ट आवाजात उतरली नाही तर ती फक्त नावांपुरती उरते, आणि मग कुठल्याही ट्रॅकला 'खोल पाण्यात' असं नाव दिलं की झालं.

नियमाच्या कडा आधी आखून घ्या

आमचं पहिलं वाक्य होतं, "सगळे आवाज मशीनचे." कात्रीने ते दोन रात्रींत उसवलं. मग आम्ही बसून नीट लिहिलं: मशीन, मशीनला जोडलेलं जे काही आहे ते, आणि मशीनमधून जाणारं कापड आणि दोरा. कात्री बाहेर. भाऊ दोन दिवस बोलला नाही.

त्यानंतरही शंका निघतच राहिल्या, आणि निघाल्याच पाहिजेत. मशीनच्या टेबलाला एक खण आहे. खण जोडलेला आहे, म्हणजे तो आत. त्यातल्या बॉबिनी मशीनच्याच, त्याही आत. पण त्याच खणात आईने ठेवलेली जुनी बटणं? ती खुळखुळ फार गोड वाजते. मशीनमधून बटणं जात नाहीत, म्हणून बाहेर. हा निर्णय मी दिला आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं.

आवाजावर काय प्रक्रिया चालेल तेही इथेच ठरवा. आम्ही वेग बदलणं, उलटं वाजवणं, फिल्टर लावणं, तुकडे करणं, एवढ्याला हो म्हटलं. अडलं ते रिव्हर्बपाशी. रिव्हर्ब म्हणजे एखाद्या जागेचा घुमारा. तयार प्लगइनमधला कुठल्याशा मोठ्या दालनाचा घुमारा मशीनवर चढवला की ते दालन अल्बममध्ये आलं, मग नियम कुठे राहिला? उपाय भावाने काढला, आणि अल्बममधली ती माझी सगळ्यात लाडकी युक्ती आहे. मशीनवर ठेवायचं लाकडी झाकण असतं ना, कमानीसारखं, ते उलटं करून त्यात एक छोटा स्पीकर आणि एक माइक ठेवला. स्पीकरवर खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सरकत जाणारा आवाज वाजवला आणि झाकण कसं घुमतं ते टिपलं. त्यावरून कन्व्होल्युशन रिव्हर्बला, म्हणजे खऱ्या जागेच्या टिपलेल्या घुमाऱ्यावर चालणाऱ्या रिव्हर्बला, लागणारी फाइल तयार होते. आता अल्बममधला सगळा घुमारा त्या झाकणाच्या पोटातला आहे. सुरांची चाचणी मशीनने वाजवली नव्हती हे खरं, पण अंतिम फाइलमध्ये ती उरत नाही, उरतं ते झाकण. यावर भांडण झालं नाही. दोघांनाही घुमारा हवाच होता.

टिपण्याआधी तेल घालू नका

हे मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावायला हवं होतं.

आमचं मशीन मुळात पायाने चालवायचं, त्याला नंतर मोटर बसवलेली. पट्टा बदलला की दोन्ही रीतींनी चालतं. पायाने चालवताना खालचं मोठं चाक दर फेऱ्याला एकदा 'कुईं' करायचं, आणि वेग वाढला की ते कुईं जवळ जवळ येऊन चक्क सुरावट व्हायची. पहिल्या दिवशी सहज म्हणून मी ते फोनवर चाळीस सेकंद टिपलं. मग शहाणपणा सुचला: खरं काम सुरू करायचं तर मशीन नीट करून घेऊ. सांध्यांत तेल घातलं, जुना दोरा आणि कापडाचं तूस ब्रशने काढलं. मशीन मऊ चालायला लागलं आणि कुईं गेलं ते गेलंच. तेल पुसून पाहिलं, महिनाभर थांबून पाहिलं. अल्बमच्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये जे ऐकू येतं ते त्या फोनमधले चाळीस सेकंद आहेत, मागे कुणाचं तरी बोलणंही आहे.

तेव्हा पहिल्या दिवशी वस्तू जशी आहे तशी, धुळीसकट, चांगल्या माइकवर टिपून घ्या. दुरुस्ती नंतर.

माइक दोन प्रकारचे लागतील. एक साधा कंडेन्सर, वस्तूपासून वीत-दीड वीत अंतरावर. तो हवेतला आवाज देतो. दुसरा चिकटवायचा काँटॅक्ट माइक, म्हणजे पिएझोची पातळ चकती. ती हवेतलं काही ऐकत नाही, धातूची थरथर ऐकते, आणि खरी गंमत तिच्यात आहे. सुई कापडात घुसते त्याचा हवेतला आवाज म्हणजे नुसती टकटक; पिएझोवर तोच आवाज एखाद्या बोगद्यात गाडी शिरल्यासारखा येतो. मात्र ही चकती साध्या लाइन इनपुटला जोडू नका. १० किलोओमच्या इनपुटवर साधारण ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं झडत जातं आणि तुम्ही म्हणाल, यात दम नाही. गिटारसाठी असतो तो १ मेगाओमचा इनपुट वापरा, मग पोटातला गडगडाटही येतो. चकती चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ पट्टी घ्या. जाड फोमची पट्टी थरथर गिळते. हे कळायला मला तीन रविवार लागले.

२४ बिटवर टिपा, आणि जमलं तर ९६ किलोहर्ट्झवर. कारण असं की तुम्ही पुढे आवाज अर्ध्या वेगाने, पाव वेगाने वाजवणार आहात. अर्ध्या वेगाला प्रत्येक आवाज एक सप्तक खाली येतो, आणि साध्या ४४.१ वर टिपलेला आवाज तेव्हा वरून पोकळ, ब्लँकेट टाकल्यासारखा लागतो. अर्थात माइकलाच २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नसेल तर मोठा आकडा लिहून उपयोग नाही, माइकची माहिती आधी पाहा. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा ठोका −१२ डेसिबलच्या आसपास राहील. धातूचे ठोके फसवे असतात, काटा हलायच्या आत फाटतात.

घरातला फ्रिज बंद करा, आणि बंद करताना घराच्या किल्ल्या त्यात ठेवून द्या. आवाज टिपणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. बाहेर पडताना किल्ल्या शोधाल तेव्हा फ्रिज सुरू करायचं आठवेल.

आणि प्रत्येक वेळी टिपण्याआधी तोंडाने सांगा: "पाय खाली, जाड कापड, सावकाश, तिसरी वेळ." फाइलचं नावही तेच. आमच्याकडे ६१२ फाइली झाल्या आणि त्यातल्या पहिल्या दीडशेंची नावं 'मशीन नवीन', 'मशीन नवीन २', 'मशीन बरं' अशी होती. ती ऐकून नावं द्यायला भाऊ एक आठवडा बसला. त्याला कात्रीचा राग काढायला ती संधी पुरली.

सूर आणि लय वस्तूलाच विचारा

नवख्या माणसाची चूक इथे होते. तो कॉम्प्युटर उघडतो, १२० बीट्स पर मिनिट लिहितो, कुठलीतरी पट्टी धरतो, आणि मशीनच्या आवाजांना त्यात कोंबतो. मग ते नेहमीचंच गाणं होतं, ड्रमच्या जागी टकटक एवढाच फरक.

आम्हालाही तेच करावंसं वाटलं. पण मोटरचा पायदाब अगदी हलका ठेवला की चाक फिरत नाही, मोटर नुसती हुंकारते. तो हुंकार मोजला तर १०० हर्ट्झ. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात चुंबक दोनदा खेचतो, म्हणून दुप्पट. (जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे हा हुंकार १२० चा भरेल.) १०० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ पांढरी पाच, पण किंचित चढी. नेमकं सांगायचं तर ३५ सेंट चढी (शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). आता ३५ सेंट म्हणजे श्रुती हलली असं कानाला स्पष्ट कळतं. तेव्हा आम्ही हुंकाराला पट्टीत आणायच्या ऐवजी पट्टीच हुंकारावर नेली. सॉफ्टवेअरमध्ये मूळ सूर ४४० ऐवजी ४४९ हर्ट्झवर ठेवला की सगळा अल्बम मोटरच्या 'सा'ला लागतो. तंबोरा आधी, गाणं नंतर, एवढं साधं आहे ते.

सुरासाठी आणखी एक खाण म्हणजे दोरा. रिळापासून सुईपर्यंतचा दोरा ताणलेला असतो. तो बोटाने छेडा, ताण बदलायची चकती फिरवा, सूर वर-खाली जातो. पिएझोशिवाय तो ऐकूच येत नाही. अल्बममधली बहुतेक सुरावट त्या दोऱ्याची आहे. उरलेली मोटरची: तिच्या हुंकारातलं एकच आवर्तन कापलं (४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ते बरोबर ४८० सॅम्पलचं भरतं), ते फिरत ठेवलं, आणि झाला आमचा सिंथ. नियमात बसणारा.

लय टाक्यांची. एक टाका म्हणजे एक ठोका. मिनिटाला १२० टाके म्हणजे १२० बीट्स पर मिनिट. पण खरं मशीन सरळ चालत नाही. पातळ कापडावर पळतं, चार पदरांच्या दुमडीवर आलं की दमतं, दुमड ओलांडली की पुन्हा सुटतं. भावाने आधी हे सगळं ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान ठोक्यांच्या चौकटीत, ओढून सरळ केलं होतं. मी ऐकलं आणि म्हटलं, हे मशीन आपलं नाही. मग उलटं केलं: शिवणीची एक अख्खी धाव टिपली आणि सॉफ्टवेअरच्या वेगाचा नकाशा त्या धावेवरून काढला. बाकीचे आवाज त्या नकाशामागून चालतात. चौथ्या ट्रॅकमध्ये अकराव्या सेकंदाला गाणं जरा अडखळतं, ती दुमड आहे.

लय आणि सूर ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हेही मशीन शिकवतं. पूर्ण वेगात घरगुती मशीन मिनिटाला ८०० च्या आसपास टाके घालतं, म्हणजे सेकंदाला तेराहून थोडे जास्त. कानाला तो अजून ठोकाच असतो. सेकंदाला वीसच्या पुढे गेलं की ठोके एकमेकांत मिसळून खर्जाचा सूर होतो. ८०० टाक्यांची धाव चौपट वेगाने वाजवा, ५३ हर्ट्झचा सूर तयार. श्टॉकहाउझन या जर्मन संगीतकाराने १९६० च्या सुमारास 'कॉन्टाक्टे'मध्ये हेच उलट्या दिशेने करून दाखवलं होतं, सूर खाली खाली नेत शेवटी त्याचे सुटे ठोके केले. आमचा पाचवा ट्रॅक टाक्याचा सूर होण्याबद्दल आहे. त्याला साडेतीन मिनिटं लागतात, आणि मला तो किंचित लांबलेला वाटतो.

भावाची चोरी

चौथ्या महिन्यात भाऊ एक ट्रॅक घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, बोलू नकोस, फक्त ऐक." ऐकलं. पोटात घुसणारी किक, म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका, होती. तोवरच्या सगळ्या कामापेक्षा तो ट्रॅक चांगला होता, यात वाद नाही. मी विचारलं, हा मशीनचा कुठला भाग? तो खिडकीबाहेर बघायला लागला. जुन्या ड्रम मशीनचं सॅम्पल होतं ते.

मला ठेवावीशी वाटली होती, खोटं कशाला बोलू. कुणाला कळणार होतं? पण एकदा ती किक आत आली असती तर कात्री का नाही, बटणं का नाहीत, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ती काढली आणि तीन आठवडे किकशिवाय रखडलो. मग एका संध्याकाळी मी पाय ठेवायच्या लोखंडी जाळीवर टाच आपटली. पिएझो जाळीच्या खालच्या बाजूला. ती फाइल एक तृतीयांश वेगाने वाजवली, म्हणजे एक सप्तक आणि वर एक पंचम एवढी खाली गेली, आणि किक सापडली. ठोका संपताना तिच्या शेपटीत जाळीच्या बिजागरीचा एक हलका कण्ह आहे. बाजारातल्या कुठल्याही ड्रम मशीनमध्ये तो नाही.

तुमच्याही बाबतीत हे घडेल. दोघांपैकी एक जण कधीतरी चोरी करेलच, आणि चोरी नेहमी गोडच असते. तेव्हा भांडू नका. त्या चोरीने कुठली गरज भागवली तेवढं कागदावर लिहा: "खाली वजन हवं आहे." आणि ते वजन नियमाच्या आत शोधायला महिनाभर द्या. आमची एक पद्धत पुढे पक्की झाली ती अशी, की एका ट्रॅकवर एकाने आठवडाभर काम करायचं, दुसऱ्याने ऐकायचंही नाही. मग फाइल बदलायची, आणि ती देताना स्पष्टीकरण द्यायचं नाही. मला सुचलेलं नीट पोचलं नसेल तर तो ते पुसून टाकतो. पुसलेलं परत मागायचं नाही. कठीण जातं.

क्रम

वस्तूचं काम हाच क्रम. मॅटमॉसनी धुण्याचा क्रम घेतला, आम्ही एक उशीचा अभ्रा शिवला. आई मशीनवर बसली, मी टिपत होते, भाऊ घड्याळ घेऊन. सुई ओवण्यापासून शेवटचा दोरा तुटेपर्यंत एकतीस मिनिटं. मध्ये एकदा दोरा तुटला, एकदा उलटी शिवण पडली म्हणून सगळी उसवावी लागली, आणि बरोबर सोळाव्या मिनिटाला बॉबिन संपली. आम्ही काही ठरवलं नव्हतं, पण ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंत चांगला आवाज राहतो, तेव्हा सोळाव्या मिनिटाला बाजू पालटायची सोय आयतीच झाली. बाजू 'अ' बॉबिन संपण्याच्या रिकाम्या टकटकीवर थांबते. बाजू 'ब' नवी बॉबिन भरण्यापासून सुरू होते, जिथे चाक सुटं फिरतं आणि सूर चढत जातो.

ट्रॅक एकमेकांत वाहायला हवे असतील तर ते वेगवेगळे तयार करून टोकं जुळवत बसू नका. अख्खी बाजू एक सलग फाइल म्हणून काढा आणि मग कापा. एमपीथ्रीत बदलताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेची एक कणभर पट्टी चिकटते, आणि नेमकी जोडावर उचकी लागते. लोकांना द्यायला फ्लॅक किंवा वेव्ह ठेवा.

मास्टरिंगला पाठवताना चिठ्ठी लिहा

मास्टरिंग म्हणजे अल्बमवरून फिरणारा शेवटचा हात. चिठ्ठी आम्ही लिहिली नव्हती. ज्यांच्याकडे दिलं ते गृहस्थ अतिशय काळजीने काम करणारे होते. त्यांनी ऐकलं, प्रत्येक ट्रॅकखाली विजेचा हुंकार आहे असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो स्वच्छ करून दिला. वर त्याचे पैसेही जास्तीचे लावले नाहीत. १०० हर्ट्झ, २००, ३००, सगळे दाते नेमके उपटलेले. आमचा 'सा' धुऊन निघाला होता. अल्बम ऐकताना गायक तंबोऱ्याविना उघडा पडल्यासारखं वाटत होतं आणि तासभर आम्हाला कळेना की झालंय काय.

चिठ्ठीत लिहा: कुठला दोष हेतुपुरस्सर आहे, कुठला खरोखर दोष आहे, कुठे फाटलेला आवाज तसाच ठेवायचा. आणि आवाज किती मोठा हवा तेही. स्पॉटिफायसारखी सेवा सगळ्यांना −१४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवते, तेव्हा त्याहून फार मोठं करून हाती काही लागत नाही. फक्त लिमिटर, म्हणजे मोठे आवाज दाबणारं साधन, टाक्यांची टोकं चेपून टाकतो. टाक्याचं टोक म्हणजेच टाका.

किती सांगायचं

अल्बम पुरा झाल्यावर आम्ही तो चार जणांना काही न सांगता ऐकवला. ही परीक्षा टाळू नका. शिलाई मशीन आहे हे कळल्यावर कौतुक सगळेच करतात, त्याला काही अर्थ नाही. न कळता जर कुणी दुसऱ्यांदा लावलं, तर गाणी उभी आहेत. आमच्या चौघांपैकी दोघांनी लावलं. एकाला ते पावसाळी छपराचे आवाज वाटले. चौथीने सातवा ट्रॅक अर्ध्यावर बंद केला, म्हणून तो ट्रॅक आम्ही पुन्हा केला. उसवण्याचा तो भाग दोन मिनिटांनी छोटा झाला. आईने मात्र पहिल्या चार सेकंदांत विचारलं, "बॉबिन केस नीट बसली नव्हती का रे?"

वेष्टनावर आम्ही एवढंच छापलं: एक मशीन, एक अभ्रा, एकतीस मिनिटं. झाकणाची, जाळीची, फोनमधल्या चाळीस सेकंदांची गोष्ट तिथे नाही. ज्याला हवी तो विचारतो.

शेवटच्या ट्रॅकमध्ये सुईमागच्या खाचेवर दोरा कापला जातो (ती खाच मशीनचीच, म्हणून चालते), आणि आई पाय काढून घेते. लोखंडी जाळी आपोआप पुढे-मागे झुलत राहते, नऊ सेकंद, मग थांबते. भावाचं म्हणणं होतं की दोरा तुटला तिथे संपवायचं. माझं म्हणणं, जाळी थांबेपर्यंत मशीन थांबलेलं नाही. दोन्ही आवाज मशीनचे होते, त्यामुळे नियमाकडे याचं उत्तर नव्हतं. आम्ही नाणं उडवलं. नऊ सेकंद राहिले.